सप्टेंबरातला कंदील

ऑगस्ट संपतो त्या दिवशी संध्याकाळी लोला शिडी घेऊन आमच्या दाराशी येते. लोला म्हणजे आजी. ती आमची घरमालकीण, शेजारच्याच घरात राहते, आणि सगळी गल्ली तिला लोलाच म्हणते. शिडी भिंतीला टेकवून ती एवढंच सांगते, की उद्या सकाळी परोल लागला पाहिजे. परोल म्हणजे इथला नाताळचा कंदील, पाच टोकांचा तारा. फिलिपिन्समध्ये ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावाच्या शेवटी ‘बर’ येतं, ते चारही महिने नाताळचे. १ सप्टेंबरला दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात आणि गल्लीगल्लीत पहिले परोल दिसायला लागतात.

आम्ही २०१४च्या जूनमध्ये इथे, लगुना प्रांतातल्या लोस बान्योसला आलो. नवरा भाताच्या वाणांवर काम करतो, आणि १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था इथेच, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्या पहिल्या सप्टेंबरात मी आईला वेंगुर्ल्याला फोन करून परोलाचं सांगितलं, तर ती म्हणाली, “गो, हय अजून गणपती बसलेले आसत, आणि तुमचो कंदील लागलो पण?”

मला मात्र कंदिलापेक्षा त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांबद्दल लिहायचंय. कारण लोलाचा नियम आहे: मळक्या घराला परोल लावायचा नाही.

आमच्या कोकणात मे महिन्यात शाकारणी होते. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, आणि मग पावसाची वाट बघायची. इथेही नैऋत्येचा पाऊस जूनमध्येच येतो. त्याला हाबागात म्हणतात. पण शाकारणी एकदा करून भागत नाही, कारण पावसाच्या मागून वादळं येतात आणि ती डिसेंबरपर्यंत येत राहतात. आम्हाला इथे येऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा १६ जुलैला ग्लेंडा वादळ आलं. रात्रभर छपराचे पत्रे वाजत होते. सकाळी बघितलं तर अंगणात शेजाऱ्यांचा पत्रा, आमच्या आंब्याची अर्धी फांदी आणि चिखल. वीज आठ दिवस नव्हती. मी पायरीवर बसून रडत होते. दुपारी लोला आली, तिच्या हातात झाडू होता. तिने तो माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसरा घेतला. बोलली काहीच नाही. तेव्हा मला तिची भाषा येतही नव्हती.

तो झाडू बघून मी चमकले होते. माडाच्या हिरांचा, मुळाशी गच्च बांधलेला. आमची वाढवणच ती! इथे तिला वालिस तिंगतिंग म्हणतात, आणि अंगण झाडायला घरोघरी तीच असते. घरातल्या जमिनीसाठी वालिस ताम्बो. तो ज्या गवताच्या तुऱ्यांचा करतात, त्याच गवताचा आपल्याकडचा फुलझाडू असतो. बागियोकडच्या डोंगरातून येणारे विणीव मुठीचे ताम्बो इतके देखणे असतात, की मी पहिला आणला तो महिनाभर नुसता खुंटीला टांगून ठेवला होता.

आणि बुनोत, म्हणजे नारळाचं सोडण, वरचं काथ्याचं साल. आमच्या वरच्या मजल्याची जमीन नारा लाकडाची आहे. नारा म्हणजे आपल्या बिबळ्याच्या कुळातलं झाड, लालसर, जड. ही जमीन पुसायची नसते, घासायची असते, तीही पायाने. नारळाचं सोडण मधोमध कापायचं, कापलेली बाजू खाली करायची, वर एक पाय ठेवायचा आणि कमरेतून झोका देत पुढेमागे सरकायचं. आधी मेणाचा पातळ हात, तो वाळला की बुनोत. काथ्याचे राठ केस मेण लाकडात जिरवतात आणि वरचं जास्तीचं काढून टाकतात. घरकामात मदत करणाऱ्या आतेने मला हे शिकवलं. (आते म्हणजे इथे थोरली बहीण. मी तिला हाक मारते तेव्हा मला दर वेळी बाबांची बहीण आठवते.) आते दोन्ही पायांखाली एकेक सोडण घेऊन एका खोलीतून दुसरीकडे जाते, मला अजून एकच जमतं. आमच्याकडे सोडणं चुलीत जायची. त्याने जमीन आरशासारखी होते हे कुणाला सुचलं नाही, कारण आमच्या जमिनी शेणाच्या होत्या.

पंधरवड्यातलं सगळ्यात नाजूक काम खिडक्यांचं. वरच्या मजल्याला समोरच्या बाजूने काचा नाहीत, कापिझच्या सरकत्या खिडक्या आहेत. कापिझ म्हणजे एका समुद्री शिंपल्याची चपटी, जवळजवळ पारदर्शक कवचं. पानाय बेटावरच्या कापिझ प्रांताचं आणि त्याचं नाव एकच. लाकडाच्या जाळीत तळहाताहून लहान चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक शिंपला. दुपारचं ऊन त्यातून आत येतं ते तापट राहत नाही, ताकासारखं होतं.

या खिडक्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी लहानपणीच्या एका घरात जाऊन पोचले. म्हापशाजवळ बाबांचे एक मित्र राहायचे, जुनं ख्रिस्ती घर, आणि तिथे अशाच शिंपल्यांच्या खिडक्या होत्या. गोव्याच्या खाड्यांतही हाच शिंपला सापडतो, आणि काच महाग होती त्या काळात तिथल्या घरांनीही तो असाच खिडक्यांत बसवला. तिथे पोर्तुगीज, इथे स्पॅनिश. पण शिंपला दोन्हीकडच्या समुद्राचाच, आणि तो तासून जाळीत बसवणारे सुतारही दोन्हीकडे त्या-त्या मातीतलेच.

या खिडक्यांचं मी एक नुकसान करून बसलेय. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आई तांब्यापितळेला चिंच लावते, मग शिंपल्यांवरचा पिवळटपणा कालामांसीच्या रसाने निघेल. कालामांसी म्हणजे इथलं टिचभर आंबट लिंबू. तीन चौकोन घासले आणि वाळल्यावर ते खडूसारखे पांढरे, आंधळे झाले. शिंपला म्हणजे चुनाच, आंबट लागलं की विरघळणार. लोला ओरडली नाही. तिने बोटाने ते तीन चौकोन चाचपले आणि ओलं फडकं पिळून मला दाखवलं: एवढंच, आणि लगेच कोरडं. ते तीन आंधळे चौकोन अजून तिथेच आहेत. बदलून द्यायला मी तयार होते, तिने नको म्हटलं.

हे सगळं झालं की मग परोल.

आमच्या दारावरचा परोल कापिझचा आहे, पत्र्याच्या पट्ट्यांत बसवलेला, आत दिवा. पण खरा जुना परोल बांबू आणि कागदाचा, आणि तो करायला मी दरवर्षी आतेच्या मुलांबरोबर बसते. दहा लांब कामट्या, पाच आखूड. पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधायचे, एकावर एक ठेवून पाचही टोकं जखडायची, मग आतल्या पाच सांध्यांत त्या आखूड कामट्या उभ्या सारायच्या, की तारा मधून फुगतो. वर पापेल दे हापोन, म्हणजे आपला पतंगी कागद, नाहीतर जिलेटीन. खालच्या दोन टोकांना कागदाच्या झिरमिळ्या. खळ शिजवायची, ती हाताला चिकटायची, कागद सुरकुतायचा आणि कुणीतरी मोठं माणूस ‘दे इकडे’ म्हणून ओढून घ्यायचं, हे सगळं वेंगुर्ल्याच्या आमच्या ओटीवर जसं व्हायचं तसंच. ‘परोल’ हा शब्द स्पॅनिश फारोलवरून आला, म्हणजे कंदीलच. सिम्बांग गाबी नावाच्या पहाटेच्या प्रार्थना १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ दिवस असतात; त्यांना अंधारातून चालत जाताना लोक हा कंदील हातात धरायचे. चर्चबाहेर तेव्हा बिबिंगका मिळतं, तांदळाच्या पिठाचं, केळीच्या पानावर ठेवून खालून आणि वरून निखारे देऊन भाजलेलं. आणि बांबूच्या नळीत उकडलेला जांभळ्या तांदळाचा पुतो बुम्बोंग, वर ओलं खोबरं आणि काळसर साखर. आम्ही नऊच्या नऊ दिवस जातो. प्रार्थना लोलाची, खाणं आमचं.

एकदा आम्ही पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांदोला गेलो होतो. तिथे नाताळच्या आधी मोठ्या कंदिलांची स्पर्धा असते. मोठे म्हणजे वीस-वीस फुटांचे, हजारो दिव्यांचे, आणि बँडच्या तालावर रंग-नक्षी बदलणारे. मला वाटलं होतं मागे संगणक असेल. लोलाच्या भाच्याने आम्हाला कंदिलामागे नेलं. तिथे लोखंडी पिंपं आडवी लावलेली होती, आणि माणसं चाक फिरवून ती हाताने फिरवत होती. पिंपावर चिकटपट्टीचे तुकडे एका विशिष्ट नक्षीत चिकटवलेले, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला केसांची पिन. पिन उघड्या लोखंडाला टेकली की तेवढे दिवे लागतात, पट्टीवरून गेली की विझतात. सगळं संगीत त्या चिकटपट्टीत कापून ठेवलेलं! घामाने निथळणारा एक माणूस पिंप फिरवत होता, त्याला समोरचा कंदील दिसतही नव्हता. मी समोरून जितका वेळ बघितला त्याहून जास्त वेळ मागे उभी होते.

घर सजवणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर १५ मेला केसोन प्रांतातल्या लुकबान गावाला जावं. सान इसिद्रो हा शेतकऱ्यांचा संत, त्याचा सण, पाहियास. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, आणि त्या वर्षी ज्यांच्या दारावरून ती जाणार ते लोक घराचा दर्शनी भाग पिकांनी मढवतात: भाताच्या लोंब्या, दुधी, वांगी, शेंगा. आणि किपिंग. झाडाच्या खऱ्या पानावर तांदळाचं पातळ पीठ लावायचं, वाफवायचं, सोलून काढायचं आणि वाळवायचं. पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या असतात. लाल, पिवळी, हिरवी अशी शेकडो किपिंग झुंबरासारखी टांगतात, सण झाला की तळून खातात. मी तिथे उभी राहून आतेला सांगत होते, की ही आमची सालपापडी, आणि ही वर टांगलेली भाजी म्हणजे आमच्या गणपतीवरची माटवी. तिला वाटलं मी गंमत करतेय. घरी येऊन आईने पाठवलेला माटवीचा फोटो दाखवला तेव्हा ती बराच वेळ तो मोठा करून एकेक फळ ओळखत बसली.

दिवाळीत मी परोलाशेजारी आकाशकंदील टांगते, त्याच खिळ्याला. पहिल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला केरसुणी कुठून आणायची कळेना, म्हणून बाजारातून नवीकोरी वालिस तिंगतिंग आणली आणि तिला हळदकुंकू लावलं. लोला फराळाला आली होती. झाडूला कुंकू का, हे मी मोडक्या तागालोगमध्ये सांगायला लागले, आणि मधेच ती म्हणाली, रात्री झाडायचं नाही ना? भाग्य बाहेर जातं. मी म्हटलं, हो, आमच्याकडेही दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत. तेव्हापासून दर दिवाळीला नवी तिंगतिंग लोला आणते.

३१ डिसेंबरला रात्री तिच्याकडे आम्हा सगळ्यांच्या खिशात नाणी असतात, टेबलावर बारा गोल फळं. बाराव्या जागी मी नारळ ठेवते. तांदळाचा पिंप, मीठ, साखर काठोकाठ भरलेली. बाराच्या ठोक्याला सगळे दिवे लावायचे, दारं-खिडक्या-कपाटं उघडायची, पोरांनी उंच व्हायला उड्या मारायच्या. आणि दुसऱ्या दिवशी झाडू हातात घ्यायचा नाही.

यंदा लोलाने शिडी आणली, पण वर मी चढले. तिचे गुडघे आता ऐकत नाहीत. ती खाली शिडी धरून उभी, डावीकडे, अजून, पुरे. सप्टेंबरातला परोल एकदा टांगून होत नाही. वादळाचा पहिला सिग्नल लागला, की कुंड्यांच्याही आधी, खिडक्या सरकवायच्याही आधी तो खाली येतो आणि चादरीत गुंडाळून लाकडी पेटीत जातो. गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकामागून एक वादळं आली. तेवढ्या दोन महिन्यांत तो पाच वेळा उतरवला आणि पाच वेळा लावला. पाचव्या वेळी मी म्हटलं, राहू दे लोला, आता डिसेंबरातच लावू. तिने उत्तर दिलं नाही. ओटा झाडून घेतला, फडकं पिळून एकेक शिंपला पुसला, कोरडा केला, आणि परोल माझ्या हातात देऊन शिडीकडे बोट दाखवलं.