दोरी की दाते

बार्सिलोनाहून मोन्सेरातला, म्हणजे डोंगरावरच्या मठातल्या देवीच्या दर्शनाला जायचं असेल तर डोंगर कसा चढणार हे डोंगर दिसायच्या आधी, जमिनीखाली एका मशीनसमोर उभं राहून ठरवावं लागतं. प्लासा एस्पान्याचं स्टेशन आहे तळघरात, मागे सात-आठ जणांची रांग, आणि स्क्रीन विचारतो, आएरी की क्रेमायेरा. आएरी म्हणजे रोपवे आणि क्रेमायेरा म्हणजे दात्यांच्या रुळावरून चढणारी गाडी. ट्रेन दोघांसाठी एकच, रोपवेवाल्यांनी आधीच्या स्टेशनला उतरायचं आणि गाडीवाल्यांनी पुढच्या मोनिस्त्रोलला, पण एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही. म्हणजे लग्नासारखंच, आधी सही आणि मग माणूस कळणार.

नवऱ्याचं मत होतं गाडी. मी तीन आठवडे वाचून काढलेलं त्यामुळे माझं मत होतं रोपवे, कारण तो 1930 चा आहे, पिवळा आहे, आणि पाच मिनिटांत साडेपाचशे मीटर उचलून वर नेतो. यातली पहिली गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. ज्याला लिफ्टमध्येसुद्धा मधल्या मजल्यावर थांबलं की घाम फुटतो त्याला लोंबकळणारी पेटी जवळजवळ शंभर वर्षांची आहे हे कशाला सांगायचं. मागच्या बाईंनी घसा खाकरला, मी आएरीवर बोट ठेवलं.

ट्रेन साधारण तासाभराची. आधी बोगदा, मग कारखाने, गोडाऊन, ओळीने बिल्डिंगी, गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कपडे, म्हणजे कुठल्याही मोठ्या शहराची मागची बाजू. आणि मग एका वळणावर तो अचानक दिसतो. मोन्सेरात म्हणजे करवतीने कापलेला डोंगर, पण मला काही करवत दिसली नाही, मला हाताची बोटं दिसली, जाडजूड, गोल टोकांची, एकाला एक लागून उभी. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ कसा थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा असतो, तसलं इथे काही नाही. नदीने आणून टाकलेले गोटे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांना घट्ट चिकटले आणि त्याचा हा डोंगर झाला, जवळून बघितलं तर अक्षरशः कुणीतरी खडी-सिमेंटचा माल ओतून ठेवल्यासारखा.

तर बघण्याच्या नादात स्टेशन आलं. आम्ही वेळेत उठलो, वेळेत दारापाशी गेलो, ट्रेन थांबली आणि आम्ही दार उघडायची वाट बघत उभे राहिलो. दार उघडेना. मुंबईच्या लोकलमध्ये उभं आयुष्य गेलेल्या माणसाला दार उघडावं लागतं ही कल्पनाच नाही, आपल्याकडे प्रश्न असतो तो दारातून आत कसं राहायचं याचा. दारावर हिरवा दिवा असलेलं बटण होतं, ते दाबायचं असतं, हे आम्हाला ट्रेन सुटल्यावर समोर बसलेल्या आजोबांनी खुणेने सांगितलं. फार छान हसून सांगितलं. बाहेर पिवळी पेटी तारेवरून वर जाताना दिसत होती, त्यात आमच्या दोन जागा.

मोनिस्त्रोलला मात्र मी बटण असं दाबलं की बोट दुखलं. प्लॅटफॉर्मवरच हिरवी-पांढरी गाडी तयार उभी. उलट जाणाऱ्या ट्रेनला बराच वेळ होता, नवरा म्हणाला, "अगं, देवीचीच इच्छा दिसतेय." मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. गाडीची नुसत्या जाण्याची दोन तिकिटं वेगळी काढली, परतीला रोपवेचं आहेच म्हटलं, त्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

क्रेमायेरा म्हणजे स्पॅनिशमध्ये पँटची चेनसुद्धा. आणि तंत्र तेच आहे, दोन रुळांच्या मधे दात्यांची पट्टी, गाडीच्या पोटाखाली दातेरी चाक, दातात दात अडकवत अडकवत वर. आपल्या ऊटीच्या गाडीला आहे तसंच. नुसत्या रुळावर लोखंडी चाक एवढ्या चढाला घसरेल, म्हणून ही सोय. ही गाडी 1892 मध्ये सुरू झाली, 1957 मध्ये बंद पडली, आणि 2003 मध्ये नव्याने रूळ टाकून परत चालू केली. मधली सेहेचाळीस वर्षं ती नव्हतीच आणि रोपवे मात्र वर-खाली करत होता, हे मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला मग दमला असेल बिचारा. योब्रेगात नदीवरचा पूल ओलांडला की गाडी डोंगराच्या कडेला चिकटते आणि खालचं गाव नकाशासारखं होत जातं. पंधरा-वीस मिनिटं. खरं सांगायचं तर मजा आली, पण तेव्हा मी तसं दाखवलं नाही.

वर पोचायला दीड वाजला. दुपारी एकच्या सुमाराला तिथे मुलांचं गायन असतं, चौदाव्या शतकापासून मुलं गातायत, आणि आम्ही एका बटणापायी अर्ध्या तासाने हुकलो. प्रार्थनास्थळातून लोक डोळे पुसत बाहेर येत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. सातशे वर्षं थांबले, अजून अर्धा तास थांबायला काय झालं होतं.

मठ 1025 सालचा, ओलिबा नावाच्या मठाधिपतीने स्थापलेला. पण दिसतो तो इतका जुना नाही, कारण नेपोलियनच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जवळजवळ सगळा उद्ध्वस्त केला आणि नंतर परत बांधला. जुनी आहे ती मेरीमातेची मूर्ती, बाराव्या शतकातली, लाकडाची, जेमतेम तीन फुटी. तिला सगळे लाडाने ला मोरेनेता म्हणतात, म्हणजे काळीसावळी. मेणबत्त्यांच्या धुराने काळी झाली म्हणतात, वार्निश काळवंडलं असंही म्हणतात. आपल्याला काय, सावळ्याची सवय आहे. रांग जिन्यावरून वेदीच्या मागे वर जाते, मूर्ती काचेआड, फक्त उजव्या हातातला गोळा काचेतल्या भोकातून बाहेर ठेवलाय, त्याला हात लावायचा. थोडक्यात पदस्पर्श दर्शनच, फक्त पायाऐवजी हात, आणि पुढे ढकलायला कोणी नाही. तो गोळा इतका गुळगुळीत आहे की बोट ठेवलं की घसरतं. माझ्या पुढच्या मुलीने हात लावून तो लगेच कपाळाला नेला, मी चमकून बघितलं, पण ती काही आपल्याकडची नव्हती.

याच देवीपुढे 1522 मध्ये इग्नेशियस लॉयोला नावाच्या शिपाईगड्याने रात्रभर जागून आपली तलवार ठेवून दिली. पुढे त्याने जेझुइट पंथ काढला, आणि त्याच पंथातले फादर स्टीफन्स 1579 ला गोव्यात येऊन मराठी शिकले, मराठीच्या प्रेमात पडले आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहून गेले. म्हणजे त्या तलवारीचा एक धागा ओढत ओढत आपल्या ओव्यांपर्यंत येतो. हे मी नवऱ्याला जिन्यात सांगत होते, तो म्हणाला भूक लागलीय.

बाहेर रस्त्याच्या कडेला आसपासचे शेतकरी स्टॉल मांडून बसतात, मध, अंजीर आणि मातो नावाचं मऊ ताजं चीज, आपल्या खरवसाचं आणि पनीरचं मधलं काहीतरी. त्याला चव अशी जवळजवळ नाहीच, वरून मध ओतला की मग ते खाणं होतं. आजीबाईंनी चमच्याच्या टोकावर चाखायला दिलं, आम्ही दोन डबे घेतले आणि बाकावर बसून एक तिथेच संपवला. सांत जेरोनीचं 1236 मीटरचं शिखर अजून वर होतं, तिथवर चालत जायचं असा माझा प्लॅन होता, मधानंतर तो प्लॅन कोणी काढला नाही.

संध्याकाळी रोपवेपाशी आलो. पेटी हळूच फलाटाला येऊन टेकली. नवरा आत शिरला आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बरोबर मधोमध उभा राहिला. सुटताना एक हिसका बसतो, पोटात कसं तरी होतं, आणि मग काही आवाजच नाही, नुसती ती बोटं दोन्ही बाजूंनी वर सरकत जातात. कातळाच्या फटीत एक झुडूप होतं, त्यावर कुणाची तरी टोपी अडकलेली. "ही कधीची गं?" त्याने विचारलं. टोपी का, मी म्हटलं. "टोपी नाही, पेटी." मी म्हटलं, 1930. त्यानंतर तो खाली पोचेपर्यंत बोलला नाही.

खालच्या स्टेशनवर ट्रेन आली तेव्हा आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, आजी, दोन पोरं, बाबागाडी, आणि सगळे बंद दारासमोर शिस्तीत उभे. मी त्यांच्या मधून हात घालून बटण दाबलं.