बेडकाच्या हाताची तार

सुट्टीत भाची आली की सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं घर तिच्या ताब्यात जातं. या वेळी तिला सिनेमातल्या चुका पकडायचं वेड लागलं होतं. पहिलं सावज १९७९चा 'द मपेट मूव्ही', मपेट नावाच्या हातबाहुल्यांचा सिनेमा. मी वही आखून दिली: वेळ, चूक, कुणी पकडली.

पहिल्या रात्रीच्या बहुतेक नोंदी एकाच गोष्टीच्या. कर्मिट बेडकाचे हात हलवायला बारीक तारा असतात, त्या मधूनच दिसतात. एकदा तार दिसली की मग डोळा तिथेच जातो, गोष्ट राहते बाजूला. अडलो ते सुरुवातीलाच, बेडूक दलदलीत ओंडक्यावर बसून बॅन्जो वाजवतो तिथे. भोवती सगळं पाणी.

"मामा, हात घालणारा माणूस कुठाय?"

पाच-सहा वेळा मागे-पुढे केलं. सावली नाही, बुडबुडा नाही. शेवटी शोधून वाचलं. कर्मिटला हलवणारे जिम हेन्सन पाण्याखाली धातूच्या टाकीत अंग मुडपून बसले होते, रबरी बाहीतून हात वर काढून! बेडूक कॅमेऱ्यात कसा दिसतोय ते बघायला छोटा मॉनिटर. बेडूक सायकल चालवतो तिथे वरून क्रेन आणि दोऱ्या. भाचीने तारांच्या नोंदी खोडल्या नाहीत, पुढे फक्त 'माफ' लिहिलं.

मग तिची खरी शंका आली: "हे सगळे डावरे कसे काय?" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उत्तर मोज्याने दिलं. सोफ्याआड बसून उजवा हात मोज्यात घातला, बाहुलीचं तोंड तोच हलवणार. म्हणजे तिचे हात सांभाळायला उरला माझा डावा. झाली बाहुली डावरी. तिने मोबाइलचं चित्र टीव्हीवर लावलं आणि माझी फजिती सुरू झाली. आरशाची सवय, त्यामुळे मोजा उजवीकडे न्यावा तर पडद्यावर तो डावीकडे पळायचा. मपेटवाले असंच सरळ चित्र बघत काम करतात म्हणे, तेही हात डोक्यावर धरून. माझा खांदा दोन मिनिटांत भरून आला.

आई भडंग घेऊन आली, म्हणाली, "विष्णुदास भाव्यांनी १८४३ला इथं सीतास्वयंवर केलं ते सगळ्यांना पाठ. त्यांनी लाकडी बाहुल्या केल्या होत्या, ते कोण सांगत नाही." हे तिने मला लहानपणापासून शंभरदा तरी ऐकवलंय.

दुसऱ्या दिवशी मोज्याचाच दोन मिनिटांचा सिनेमा काढला. मध्येच एका डोळ्याचं बटण तुटलं. काळं मिळेना, म्हणून माझ्या जुन्या शर्टाचं तपकिरी लावलं आणि गप्प बसलो. रात्री टीव्हीवर बघताना तिने रिमोट दाबून चित्र थांबवलं, वही ओढली.

"मामा, हे माफ नाही हं."