कंटाळून

सप्टेंबर २००६. यवतमाळच्या आमच्या जिल्हा कार्यालयात संध्याकाळी साडेसहाला माझं एक ठरलेलं काम असायचं. लँडलाइन पुढ्यात ओढायची आणि एकेका पोलिस ठाण्याला फोन लावत सुटायचं. ‘जमादार, काही विशेष?’ पलीकडून डायरी वाचली जायची, इकडे मी उतरवून घ्यायचो. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी लवकर जाणाऱ्या अंकाचं, पान सुटायच्या आत सगळी ठाणी उरकायची. तेव्हा मी याला पत्रकारिता म्हणायचो. ती लेखनिकी होती.

त्या दिवशी एका ठाण्याने दिलं : पुरुष, वय ३८, विषारी औषध प्राशन, ग्रामीण रुग्णालयात मृत्यू, मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल. ‘कारण?’ ‘पोटदुखी.’ मी लिहिलं, ‘पोटदुखीला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या’. सहा ओळी, सिंगल कॉलम, आतलं पान. पुढच्या ठाण्याचा नंबर फिरवला.

त्या वर्षी आमच्याकडे अशी बातमी नाही असा दिवस विरळाच. १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. दिल्ली-मुंबईचे पत्रकार गाड्या करून यायचे, त्यांना गावोगाव फिरवायला आम्हीच बरोबर जायचो. पाहुण्यांसाठी पन्नास किलोमीटर जाणारे आम्ही स्वतःच्या बातमीसाठी मात्र खुर्ची सोडत नव्हतो.

फेब्रुवारीत एक बाई कार्यालयात आली. सोबत दहा-बारा वर्षांची पोरगी. पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर उलगडला. माझी बातमी होती, कात्रणाची झेरॉक्स.

‘हे तुमीच लेहलं काय, भाऊ?’

मी हो म्हटलं.

‘त्यायचं पोट कधीच दुखलं नाही.’

आवाज चढलेला नव्हता. एखाद्याने हिशोबातली चूक दाखवावी तसं बोलली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं तिचं प्रकरण अपात्र ठरलं होतं. १ लाख रुपये मिळायचे : ३० हजार हातात, ७० हजार ठेव. त्यासाठी शेती हवी, बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं आणि वसुलीच्या तगाद्यापायी जीव दिला हे दिसायला हवं. पहिल्या दोन गोष्टींचे कागद तिच्याकडे होते. तिसरीच्या जागी फाइलमध्ये शेरा होता, ‘आजारपण’. खाली पुरावा म्हणून पोलिसांचा कागद आणि त्याला टाचलेलं आमचं कात्रण. पोलिसांचं ऐकून मी लिहिलं आणि ते पोलिसांच्याच कागदाला दुसरा साक्षीदार म्हणून जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली. घरी तिने एक प्लॅस्टिकची थैली समोर ओतली. सातबारा, पासबुक, खताच्या पावत्या, सोसायटीची वसुलीची नोटीस. नोटिशीची तारीख मृत्यूच्या नऊ दिवस आधीची. सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवाकडे जाऊन रजिस्टर पाहिलं, तारीख जुळली. दवाखान्याचा पोटदुखीचा एखादा जुना केसपेपर आहे का तेही विचारलं. घरात नव्हता, गावातल्या डॉक्टरलाही आठवत नव्हतं.

मग धाकट्या भावाला गाठलं. त्या रात्री दवाखान्यात तोच होता, पोलिसांना जबाब त्यानेच दिला होता. तो वावरात पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं, उपटत होता. मी विचारलं, ‘पोटदुखीचं तू सांगितलंस?’

‘हाव. जमादारानं इचारलं, काय होत होतं त्याले? मी सांगतलं, पोटात लय दुखून रायलं म्हणे, लोळे नुसता.’

‘कधी दुखत होतं?’

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की याला एवढंही कळू नये. ‘औषध पेल्यावर.’

बांधावर बसून मी ती सगळी साखळी उलटी लावून पाहिली. भावाने त्या रात्रीची हालत सांगितली. जमादाराने ती कारणाच्या रकान्यात टाकली. आणि ‘कंटाळून’? तो शब्द ना भावाचा, ना जमादाराचा. तो माझा. मथळा बसावा म्हणून बोटांच्या सवयीने आलेला.

परत येताना डोक्यात नवा मथळा तयारच होता, ‘कर्जाला कंटाळून’. वडगावच्या फाट्यावर चहा घेताना लक्षात आलं, हीही तीच खोड. माणूस गेला, त्याच्या मनात काय होतं हे नोटीस सांगत नाही, मीही सांगू शकत नाही. म्हणून बातमीत एवढंच घातलं : सोसायटीची नोटीस अमुक तारखेची, गटसचिवाने रजिस्टर दाखवलं, भाऊ असं सांगतो, बायको असं सांगते, आणि आम्ही आधी दिलेलं कारण घरच्या कोणालाही न विचारता दिलं होतं. शेवटचं वाक्य डेस्कने, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या संपादकांनी, दोनदा काढलं. ‘आपणच आपली लाज काढायची का?’ तिसऱ्यांदा मी पान सुटेपर्यंत पान लावणाऱ्या ऑपरेटरच्या मागे उभा राहिलो.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. समोरच्याने सांगितलेलं त्याला वाचून दाखवतो, मग वहीची घडी घालतो. आणि ‘कशावरून?’ हे पोलिसांनाही विचारतो. निम्मे जमादार चिडतात. विषाचं नावही आता बातमीत देत नाही, पण ते शहाणपण बरंच उशिरा आलं.

प्रकरण फेरचौकशीला गेलं. माझ्या बातमीने गेलं की तिने तहसिलीत मारलेल्या खेट्यांनी, मला विचाराल तर खेट्यांनी.

बातमी छापून आल्यावर ती पुन्हा आली. दोन अंक हवे होते, एक फाइलला, एक घरी. पोरीने तिथेच उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं, बाई मान हलवत ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

‘वय चुकलं, भाऊ. चौतीस होतं.’

अडतीस मी माझ्याच जुन्या कात्रणावरून उचललं होतं.