४ जीबीत संसार होत नाही
मार्च आला की सांगलीतल्या आमच्या घरचा कॉम्प्युटर रडायला लागतो. मी हळदीच्या अडत्यांचे हिशेब लिहिते. टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की माउसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, आता नवीनच घ्या." म्हटलं, आधी बघू तरी. कॉम्प्युटरमध्ये कशावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर ४ जीबीची मेमरी, म्हणजे चालू कामं मांडायची रॅम, ९४ टक्के भरलेली, प्रोसेसर मात्र निवांत. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर टाकतं, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ. दुखणं तिथं होतं.

म्हणून रॅमची आणखी एक पट्टी घालायचं ठरवलं. मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमचा. पुढच्या पिढीची डीडीआर४ची पट्टी त्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. विंडोज ६४ बिटचं आहे हेही पाहून घेतलं. ३२ बिटचं असतं तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच. वायर काढली, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, पट्टी दाबली, कडेची खिट्टी 'टक्‌' करून बसली.

आता ८ जीबी. चालू व्हायला अजून वेळ घेतो, पण तो हार्ड डिस्कचा दोष. तिच्या जागी वेगवान एसएसडी घालायचं दिवाळीनंतर बघू. टॅलीतून एक्सेलमध्ये जाताना मधे उठून चहा टाकण्याइतका वेळ आता मिळत नाही, हे मात्र सासूबाईंना अजिबात आवडलेलं नाही.