ईयोबाला कारण कळलंच नाही

सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. पारा ४३-४४ला टेकतो, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि अशात आमच्या यांना डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलंय. त्यात चहा आला, ताक आलं, आमटीही आली. सकाळी मी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवते. कपभर चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचं, म्हणजे किती उरलं ते दोघांनाही दिसतं. दुपारी तीनलाच बाटली तळाला गेली की माझ्या पोटात गोळा येतो. मग बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचा आणि संध्याकाळची वाट बघायची.

दोन्ही किडन्या गेल्या आहेत. एक दिवसाआड डायलिसिस, चार-चार तास. डाव्या मनगटाच्या वर फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसची सुई घालता यावी म्हणून धमनी आणि शीर जोडलीय. त्यावर बोटं ठेवली की आत सतत थरथर लागते, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खोलीबाहेर भिंतीला हात लावला की लागते ना, तशी. रोज झोपण्याआधी मी ती तपासते, कारण ती थांबली तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना गाठायचा. हा माणूस सगळं आयुष्य लूमवर जॉबर होता, माग जोडणारा-दुरुस्त करणारा. शेंगाचटणी आणि कडक भाकरीशिवाय घास उतरायचा नाही. आता शेंगदाणे बंद. भाजीसुद्धा आधी उकळायची, पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायची.

भेटायला येणारे बरीच कारणं सांगून जातात. कुणी म्हणतं, ही परीक्षा आहे. कुणी म्हणतं, घरात एखादं पाप लपलं असेल, ते कबूल करा. प्रार्थनेला आलेल्या एक बाई तर यांच्या समोरच म्हणाल्या, "विश्वास पुरेसा असता तर एव्हाना बरे झाले असते." हे काही बोलले नाहीत. नुसते भिंतीकडे तोंड करून पडले. मला अजून राग येतो, आणि तो देवापासून मी लपवून ठेवत नाही.

त्या दिवसांत मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. सात मुलगे, तीन मुली, मेंढरं, उंट, सगळं जातं, अंगभर गळवं उठतात आणि तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसतात, एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते मित्र म्हणून त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. पुढे तोंड उघडतात आणि कारणं सांगायला लागतात. वाचणाऱ्याला पहिल्या दोन अध्यायांतच कळलेलं असतं की स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात ईयोबाबद्दल काय बोलणं झालं. ईयोबाला मात्र ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. देवही नाही.

देव वावटळीतून बोलतो तेव्हा तो ईयोबाच्या गळवांबद्दल एक अक्षर काढत नाही. तो त्याला रानात नेतो. माणूस राहत नाही त्या ओसाड जमिनीवर पाऊस कोण पाडतो? रानातल्या हरिणी कधी वितात, तुला माहीत आहे का? कावळ्याची पिल्लं ओरडतात तेव्हा त्यांना कोण खायला घालतं? शहामृगी आपली अंडी जमिनीवर टाकून जाते, तिचंही नाव तिथं आहे.

पूर्वी मला हे वाचून वाटायचं, दुखण्याने पिचलेल्या माणसाला हे काय उत्तर झालं? पण मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन नान्नजला जायचे, बार्शी रोडला, माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात. दुरून बघितलं तर नुसतं वाळलेलं गवत आणि दगड. थांबून बघितलं की काळविटांचा कळप दिसायचा, मातीच्या रंगाचे चंडोल पायाजवळून उडायचे. माळढोकाची मादी त्या उघड्या माळावरच अंडं घालायची, बहुधा एकच. ना झाड, ना आडोसा. आम्ही बघायला गेलो नसतो तरी तिथलं सगळं चाललंच असतं. कुणाच्या तरी नजरेखाली ते चाललेलं होतं.

आता तो अध्याय वाचताना माळ डोळ्यांपुढे असतो. माझं लक्ष जात नाही तिथंही ज्याचं लक्ष असतं, त्याच्या हातात या माणसाचं रक्त चार तास नळ्यांतून फिरतंय. का, ते मला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे, आणि तो चांगला आहे, यावर मी भार टाकलाय. डॉक्टरांची औषधं, मोजलेलं पाणी, सिस्टर हातात सुई घालताना धरलेला श्वास, हे सगळं त्या भरवशातच येतं, त्याच्याबाहेर नाही.

पंडिता रमाबाईंची मला फार आठवण येते. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या हालात गेली. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला. १९२१ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि १९२२च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. छापलेलं पूर्ण बायबल १९२४मध्ये आलं, त्यांनी ते पाहिलं नाही. यातल्या कशाचं कारण त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही.

ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात देव रागावतो ते कारणं सांगणाऱ्यांवर. भांडणाऱ्या ईयोबाला तो 'माझा सेवक' म्हणतो, आणि त्यालाच त्या मित्रांसाठी प्रार्थना करायला लावतो. मला हे जड जातं. तरी डायलिसिसच्या दिवशी, बाहेरच्या बाकावर बसले की, विश्वास पुरेसा नाही म्हणणाऱ्या त्या बाईंचंही नाव मी प्रार्थनेत घेते. त्यांच्या घरीही आजारपण आहे, हे मला मागाहून कळलं. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. कारण सांगायला नाही.