पोसख

आज रशियनच्या बाईंकडे जेवायला गेले होते. निघताना दारातच त्यांनी छोटा पेला हातात दिला. 'ना पसाशोक!' म्हणजे वाटेवरच्या काठीसाठी. निरोपाचा शेवटचा घोट! 'पसाशोक' हे 'पोसख'चं लाडकं रूप. पोसख म्हणजे वाटसरूची, यात्रेकरूची उंच काठी.

घरी येऊन शब्दकोश उघडला, आणि मग उठवेचना. बिशपच्या हातातला धर्मदंडही पोसखच. नाताळ-नववर्षाला भेटी आणणारे बर्फाचे आजोबा, देद मरोज, यांच्या हातातही तोच. रशियन बिशपच्या दंडाला मुठीखाली जरीची दुहेरी रुमालवजा झालर असते, 'सुलोक'. कडाक्याच्या थंडीत धातूचा दंड हाताला चटका देतो, म्हणून आली म्हणे. किती मायेची गोष्ट आहे ही!

आणि मूळ? 'सोखा', म्हणजे दुबेळकं असलेली फांदी, त्यावरूनच लाकडी नांगर. अभ्यासक तिचं नातं संस्कृत 'शाखा'शी जोडतात. आपली शाखा! वाचलं आणि अंगावर काटाच आला. आजोबांची बाभळीची काठी आठवली, मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेली. गावी अजून दारामागे उभी आहे.