आधी उतरायला शिका, उडी नंतर

पार्कोर, म्हणजे वाटेतल्या भिंती-कठडे धावत, चढत, उड्या मारत पार करणं. ते करतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती उंचावरून उडी मारतोस?" आणि खरं सांगू का, पहिले दोन महिने मी उडी अशी मारलीच नाही, नुसतं उतरायला शिकलो. तेही गुडघ्याएवढ्या कठड्यावरून, एका दिवसात पन्नास-पन्नास वेळा, आणि शिकवणारा दादा आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, बघायचाच नाही, फक्त ऐकायचा. धप्प आवाज आला की "परत".

आवाजच का, तर टाच आधी टेकली की सगळा दणका थेट गुडघ्यात आणि मणक्यात जातो. चवड्यांवर उतरलात तर घोटे, गुडघे, कंबर एकामागून एक वाकतात आणि दणका आपसात वाटून घेतात, मग आवाज उरतच नाही. फक्त गुडघे काटकोनाच्या पलीकडे वाकू द्यायचे नाहीत आणि आत तर अजिबात वळू द्यायचे नाहीत.

उंची किंवा वेग जास्त असेल तर रोल. ही शाळेतली कोलांटउडी नाही हं, इथे डोकं जमिनीला लागतच नाही, एका खांद्यावरून तिरकं जात विरुद्ध बाजूच्या कमरेवर बाहेर पडायचं. चुकलं की अंगच सांगतं. माझ्या कमरेच्या हाडावर आठवडाभर काळानिळा डाग होता, म्हणजे मी तिरका न जाता कुशीवर पडत होतो. गवतावर हे कळत नाही, फरशीवर लगेच कळतं.

मला हे सगळं पटलं ते याचं मूळ वाचल्यावर. जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी, १९०२ मध्ये मार्तिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा लोकांना वाचवण्याच्या कामात होता, पुढे त्याने धावणं, चढणं, उडी, तोल, ओझं उचलणं असं सगळं एकत्र करून व्यायामपद्धत बसवली. उपयोगी पडता यावं म्हणून बळकट व्हा, हे तिचं ब्रीद. त्यातूनच लष्कराच्या अडथळ्यांच्या कवायती आल्या, त्यात तयार झालेले रेमाँ बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात गेले, आणि त्यांचा मुलगा दाविद आणि त्याचे मित्र यांनी पॅरिसजवळच्या लिस गावात भिंती-कठड्यांवर पार्कोर घडवलं. आता विचार करा, आगीतून माणूस बाहेर काढायला गेलेल्याचा स्वतःचाच घोटा मुरगळला तर काय उपयोग?

म्हणून व्हिडिओ बघून थेट मोठ्या उड्या मारणारी पोरं बघितली की मला खरंच काळजी वाटते, दणका साठत जातो रे, विशीत जाणवत नाही एवढंच.

गेल्या रविवारी छातीएवढ्या भिंतीवरून उतरलो. दादा नेहमीसारखा पाठ करून उभा. मी वाट बघतोय, "परत" येईल म्हणून. थोड्या वेळाने मान न वळवताच म्हणाला, "अरे, उतरतोयस ना?"